डक्टचा मक्ता

आमच्या कचेरीत येणाऱ्या टपालात पुनर्विकासाची पत्रे अग्रस्थानी असावयाची, हा गेल्या कित्येक वर्षांचा शिरस्ता. परंतु या मे महिन्यापासून ते अग्रस्थान एका निराळ्याच तक्रारीने बळकावले असून, ती करणारे बहुतेक वाचक नुकतेच घर बदलून एखाद्या संस्थेत राहावयास आलेले सभासद वा भाडेकरू आहेत. शाळा उघडण्यापूर्वी बिऱ्हाड हलवावयाचे, अकरा महिन्यांचा करार संपला की नव्या घराच्या शोधात निघावयाचे, हा आपल्या शहरांचा ठरलेला क्रम आहे. सबब या दिवसांत अशी पत्रे यावीत यात नवल नाही. नवल आहे ते त्यांतील एकवाक्यतेचे. घराचा ताबा मिळाला, विजेच्या बिलावरचे नाव बदलले, गॅसची जोडणी झाली, मोटारीवर चिकटवावयाचे संस्थेचे स्टिकरही हाती आले. घोडे अडले ते ब्रॉडबँडपाशी, कारण संस्थेच्या डक्टमध्ये एकाच कंपनीची फायबर फिरते आणि दुसऱ्या कंपनीच्या माणसाला फाटकाच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नाही.

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील एका वाचकांचे पत्र या सर्व पत्रांचा अर्क म्हणावे असे आहे. जुन्या घरी त्यांनी एका कंपनीकडे वर्षभराचे पैसे आगाऊ भरले होते. नव्या घरी जोडणी हलवून देण्यास ती कंपनी राजी होती, तिची फायबर संस्थेच्या कुंपणाबाहेरील खांबापर्यंत आलेलीही होती, आणि खांबापासून सदनिकेपर्यंतचे काम एका दुपारचे होते. संस्थेने नकार दिला. समितीने नेमलेल्या कंपनीचीच जोडणी घ्यावी, असे त्यांस तोंडी सांगण्यात आले. लेखी उत्तर मागितले तेव्हा ‘विषय समितीपुढे ठेवण्यात येईल’ असा शेरा अर्जावर पडला, आणि त्या कंपनीशी झालेल्या कराराची नक्कल मागितली तेव्हा करार गोपनीय असल्याचे कळविण्यात आले. सभासदांच्या सामाईक जागेचा वापर ज्या कागदाने एका तिऱ्हाइताला बहाल केला जातो, तो कागद सभासदापासूनच गोपनीय ठेवण्याचा अधिकार समितीस कोणत्या उपविधीने दिला, हे त्या सन्माननीय सचिवांनी आम्हांस कळविल्यास आम्ही ऋणी होऊ.

जेथे उघड नकार नाही तेथे ना-हरकत दाखल्याचा घोळ आहे, आणि तो घोळ नकारापेक्षाही असह्य आहे. कंपनीने आपल्या शीर्षपत्रावर अर्ज करावा आणि सोबत फायबर कोणत्या मार्गाने नेणार त्याचा नकाशा जोडावा, असे संस्था म्हणते. नकाशा काढावयाचा तर जागेची पाहणी हवी. पाहणीस आलेल्या माणसाला रखवालदार आत सोडीत नाही, कारण त्याच्यापाशी ना-हरकत दाखला नाही. आणि दाखला मिळत नाही, कारण नकाशा जोडलेला नाही. हे चक्र भेदून एखादा चिवट सभासद दाखल्यापर्यंत पोहोचलाच, तर संस्थेचे कार्यालय रविवारी सकाळी दोन तास उघडे असते, अध्यक्ष परगावी असतात, गोल शिक्का खजिनदारांच्या कपाटात असतो, आणि दाखला हाती पडेपर्यंत कंपनीच्या मुकादमाने त्या भागातले काम आटोपून दुसऱ्या भागाकडे प्रयाण केलेले असते. भाडेकरूची दैना तर विचारूच नये. सदनिका भाड्याने देण्यास संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, आगाऊ सूचना पुरेशी आहे, ही आदर्श उपविधींतील तरतूद आता सर्वश्रुत आहे. तरी कित्येक समित्यांनी मागील दाराने तीच परवानगी ब्रॉडबँडच्या दाखल्यात आणून बसविली आहे. नोंदणीकृत करार दाखवा, पोलीस ठाण्याची पोच दाखवा, इथवर ठीक. पण मूळ मालकाने समक्ष येऊन सही करावी, ही अट मालक परदेशी असता निव्वळ छळाची ठरते.

या छळाची दाद मागावयास जावे कोठे? उपनिबंधकांच्या कार्यालयात जावे, तर हा दूरसंचाराचा विषय असून सहकार खात्याच्या कक्षेत येत नाही असे उत्तर मिळते. दूरसंचार खात्याकडे जावे, तर हा संस्था व कंपनी यांच्यामधील खाजगी मामला ठरतो. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. त्याने घालून दिलेला मार्ग म्हणजे प्रथम कंपनीचे तक्रार केंद्र आणि नंतर कंपनीचेच अपील प्राधिकरण, ज्याला निर्णयासाठी ३९ दिवसांची मुदत आहे. पण येथे तक्रार कंपनीविरुद्ध नाहीच! कंपनी जोडणी देण्यास दारात उभी आहे. दार लावून बसली आहे ती संस्था. राहता राहिले सहकार न्यायालय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली तेथे दावा लावावा आणि निकाल लागेपर्यंत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मुलांचे शिक्षण व स्वतःची नोकरी चालवावी, असा सल्ला देण्याचे धैर्य आम्हांपाशी नाही. उपनिबंधकांच्या कार्यालयांनी निदान एवढे तरी ध्यानी घ्यावे की, सामाईक जागेच्या वापरात सभासदासभासदांत भेद करणारी समिती ही सहकार खात्याच्या कक्षेबाहेरची वस्तू खचितच नव्हे.

समित्यांची बाजू आम्हांस ठाऊक नाही असे नाही. केबल टीव्हीच्या जमान्यात गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या तारांची जाळी आणि जिन्याच्या कठड्यांना दोऱ्यांनी बांधलेले ॲम्प्लिफायर ज्यांनी पाहिले, त्यांच्या मनात प्रत्येक नव्या तारेविषयी धास्ती असणे स्वाभाविक आहे. चार कंपन्यांचे चार कंत्राटदार आले की स्लॅबला चार भोके पडतात, बंद झालेल्या जोडण्यांच्या मृत तारा कोणी काढून नेत नाही, आणि डक्ट भरली की पुढची तार बिनदिक्कत अग्निशमनाच्या शाफ्टमधून नेली जाते. ही शेवटची गोष्ट अक्षम्य आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली दर जानेवारी व जुलैत परवानाधारक संस्थेकडून ‘ब’ नमुन्याचे प्रमाणपत्र घेणाऱ्या समित्यांनी त्या शाफ्टमधील उघडी भोके आपल्या डोळ्यांनी कधी पाहिली आहेत काय, हा वेगळ्या अग्रलेखाचा विषय होईल. परंतु या सर्व उपद्रवांवर इलाज आहे तो शिस्तीचा. मक्ता देऊन तार एकाच कंपनीची राहिली म्हणून ती अग्निशमनाच्या शाफ्टमधून जावयाची थांबत नाही. मक्तेदाराचा कंत्राटदारही त्याच वाटेने जातो, आणि त्याला हटकण्याची समितीची हिंमत मात्र कराराने गिळलेली असते.

नव्या मनोऱ्यांची गत जुन्या चाळीवजा इमारतींहून बरी असेल, ही समजूतही खोटी ठरली आहे. ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींतून वाय-फायची लहर दुसऱ्या खोलीत पोहोचता पोहोचता क्षीण होते. म्हणून ओएनटी, म्हणजे फायबरच्या टोकाला बसवावयाची कंपनीची पेटी, दिवाणखान्याच्या मध्यवर्ती जागी बसविणे आणि तेथवर फायबर नेणे अगत्याचे असते. त्यासाठी विकासकाने भिंतीत ठेवलेली नळी एक तर छताच्या पीओपीखाली गाडली गेलेली असते, किंवा मध्येच सिमेंटने बुजलेली असते, आणि ती कोठून कोठे जाते याचा नकाशा हस्तांतरणाच्या कागदपत्रांत सापडत नाही. हस्तांतरणाच्या वेळी पाण्याच्या पंपापासून लिफ्टच्या परवान्यापर्यंत सर्व कागद बारकाईने तपासून घेणाऱ्या समित्या लो-व्होल्टेज डक्टच्या नकाशाबाबत मूग गिळून बसतात, आणि पुढे प्रत्येक नवा सभासद ड्रिल घेऊन तीच भिंत नव्याने शोधतो.

आता पैशाविषयी, कारण या प्रकरणात बोलावयाचे सारेजण टाळतात ते त्याविषयीच. मक्ता दिल्याबद्दल कंपनी संस्थेस वार्षिक रक्कम देते, किंवा कार्यालय, क्लब हाऊस व सीसीटीव्हीसाठी मोफत जोडणी देते. आणि काही पत्रलेखकांच्या म्हणण्याप्रमाणे ही मोफत जोडणी कार्यालयापाशी थांबत नाही, पदाधिकाऱ्यांच्या सदनिकांपर्यंतही जाते. शेवटच्या आरोपाची शहानिशा करणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण ज्या समितीने करार गोपनीय ठेवला तिला या आरोपाविषयी रागावण्याचा हक्क उरत नाही. राहिली वार्षिक रक्कम. ती शंभर-सव्वाशे सदनिकांत वाटली तर एका सभासदाच्या वाट्याला महिन्याकाठी चहाच्या एका पेल्याइतकी येते. शिवाय तिऱ्हाइताकडून आलेले हे उत्पन्न परस्परतेच्या तत्त्वात बसत नसल्यामुळे आयकराच्या कचाट्यात सापडते. स्पर्धा नाहीशी झाल्यामुळे तोच सभासद दरमहा जे जादा मोजतो आणि जोडणी बंद पडली असता जे दिवस वाया घालवितो, त्यांचा हिशेब मात्र वार्षिक अहवालात येत नाही.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने आणि त्याखालील, १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आलेल्या मार्गाधिकार नियमांनी वारे कोणत्या दिशेस वाहत आहे ते स्पष्ट केले आहे. खाजगी मालमत्तेत मार्गाधिकार परस्पर कराराने मिळावयाचा, हे खरे. पण तो भेदभाव न करता आणि शक्यतो एकट्याला बहाल न करता दिला जावा, असे तत्त्व त्या कायद्याने पत्करले आहे, आणि करार जुळला नाही तर लोकहितास्तव हस्तक्षेप करण्याची वाट केंद्र सरकारने आपल्यासाठी राखून ठेवली आहे. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीच्या सोयींनुसार तारांकित मानांकन देण्याचे विनियम काढले. ते मानांकन आज ऐच्छिक आहे. तथापि घर पाहावयास आलेला खरेदीदार वाहनतळ आणि पाणी यांच्याबरोबर उद्या ते तारेही विचारील, आणि त्या वेळी मक्तेदाराच्या संस्थेतील सदनिकेचा भाव काय होईल, याचा विचार पुनर्विक्रीच्या दरावर डोळा ठेवणाऱ्या सभासदांनी करावा. ज्या समित्यांना हे सारे दूरचे वाटते, त्यांना ऑगस्ट २००१ ची आठवण द्यावीशी वाटते. हस्तांतरणाच्या अधिमूल्यात आणि बिनभोगवटा शुल्कात संस्थांनी मनमानी चालविली म्हणून शासनाने एकास २५,००० रुपयांची आणि दुसऱ्यास सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घालून दिली. तेव्हा आपल्या स्वायत्ततेवर घाला आल्याची ओरड ज्यांनी केली, तो घाला ओढवून घेणारेही तेच होते. डक्टच्या बाबतीतही सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालील शासनाच्या तशाच आदेशाची वाट पाहावयाची की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

घर बदलणाऱ्यांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे, कारण पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांनी वेळीच चौकशी केली असती तर पत्र लिहिण्याची वेळच आली नसती. बयाणा देण्यापूर्वी इमारतीत कोणाकोणाची फायबर आहे हे सचिवांना नव्हे तर त्याच मजल्यावरील शेजाऱ्याला विचारावे. घर सोडण्याचे ठरले असता वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत. जुनी ओएनटी परत करताना पोच घ्यावी, नाहीतर अनामत रकमेचा नाद सोडावा. आणि लँडलाइनचा जुना क्रमांक नव्या घरी टिकेल हे गृहीत धरू नये. जोडणीचा अर्ज सामान हलविण्याच्या दिवशी नव्हे, करार नोंदला त्याच दिवशी करावा.

परंतु हा लेख त्यांच्यासाठी नाही, सचिव, अध्यक्ष व समिती-सदस्यांसाठी आहे. ३० सप्टेंबरपूर्वी आपली वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावयाची आहे, आणि तिची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी निघावयाची आहे. त्या सूचनेत एक विषय घाला. ब्रॉडबँडविषयीचा प्रत्येक करार सभेपुढे वाचून दाखवा. त्यातील मक्त्याचे कलम मुदत संपताच पुन्हा घालावयाचे नाही, असा ठराव करा. परवानाधारक कंपनी कोणतीही असो, तिला एकाच अर्जनमुन्यावर, एकाच शुल्कात आणि सात दिवसांच्या आत दाखला द्या, आणि तेवढ्या मुदतीत उत्तर दिले नाही तर हरकत नाही असे समजावे, हेही ठरावात लिहून ठेवा. पाहणीस आलेल्या माणसाला दाखल्याविना आत घेण्याची लेखी आज्ञा रखवालदाराला द्या. अग्निशमनाच्या शाफ्टमध्ये एकही तार खपवून घेऊ नका, भोके बुजविल्याखेरीज अनामत परत करू नका, जोडणी बंद झाल्यावर मृत तार काढून नेण्याची जबाबदारी कंपनीवर टाका. या बाबतीत तुम्ही जितके कठोर व्हाल तितके आम्ही तुमच्या पाठीशी राहू. हे सारे तुमच्या अधिकारातले आहे, त्यासाठी कोणत्याही खात्याच्या परिपत्रकाची गरज नाही. ठराव मंजूर झाल्यावर त्याची नक्कल आमच्याकडे धाडावी. संस्थेची हरकत नसेल तर ती आम्ही नोव्हेंबरच्या अंकात नावानिशी छापू, आणि ज्यांनी करार गोपनीयच ठेवला आहे त्यांनी तो कोणत्या उपविधीखाली ठेवला, हेही त्यांनी कळविल्यास त्याच पानावर छापू.