नुकसान दिंद्रुडचे, परतावा फंडाचा

२०२० च्या खरिपात बीड जिल्ह्याच्या पीकविम्याची निविदा निघाली आणि एकही खासगी कंपनी पुढे आली नाही. कधी दुष्काळ, कधी अतिवृष्टी, भरपाईचे आकडे मोठे. अशा जिल्ह्याच्या वाटेला कोण जाणार? अखेर केंद्राच्या भारतीय कृषी विमा कंपनीला खास अटींवर राजी करावे लागले. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपुढे गेली, तर वरचा भार राज्य सरकारचा. ती ८० टक्क्यांच्या आत राहिली, तर कंपनीने २० टक्के स्वतःकडे ठेवून उरलेली रक्कम सरकारला परत करायची. हाच तो ‘बीड पॅटर्न’.

त्या हंगामात जिल्ह्यातून १७ लाखांवर अर्ज आले. शेतकरी, राज्य आणि केंद्र यांचा मिळून सुमारे ७९८ कोटी रुपये हप्ता जमला. काढणीला आलेले सोयाबीन पावसात भिजले, तरी पहिल्या फेरीत वाटलेली भरपाई जमा हप्त्याच्या दोन टक्क्यांपर्यंतही पोचली नाही. सूत्राप्रमाणे कंपनीचा वाटा मात्र १६० कोटींच्या घरात गेला. शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, त्याच हंगामासाठी बजाज अलियान्झ ही खासगी कंपनी होती. नुकसान ७२ तासांत कळवले नाही, या कारणावरून तिथले लाखो शेतकरी वंचित राहिले. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ३ लाख ५७ हजारांवर शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हा कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली.

बीडमधली कंपनी सरकारी होती, हे खरे. पण सरकारने वरचा धोका उचलला की आपत्तीचा जिल्हाही परवडतो, हे साऱ्या बाजाराला दिसले. २०२२ मध्ये हा पॅटर्न राज्यभर लागू झाला.

आपत्तीतला असा सुरक्षित धंदा हेरण्यात जगभरातले प्रायव्हेट इक्विटी फंड तरबेज आहेत. पेन्शन फंड आणि धनाढ्यांचा पैसा गोळा करायचा, कंपनीत हिस्सा घ्यायचा आणि पाच-सात वर्षांत चढ्या भावाने विकून बाहेर पडायचे, ही त्यांची रीत. अमेरिकेत पुराने, वादळाने, आगीने खराब झालेली घरे सुकवून दुरुस्त करून देणाऱ्या सर्व्हप्रो आणि बेलफोर या दोन बड्या कंपन्या २०१९ या एकाच वर्षी अशा फंडांकडे गेल्या. पहिली ब्लॅकस्टोनकडे, दुसरी अमेरिकन सिक्युरिटीजकडे. आपल्याकडेही त्याच वर्षी एसबीआय जनरल या विमा कंपनीतला ऑस्ट्रेलियन भागीदाराचा २६ टक्के हिस्सा प्रेमजी इन्व्हेस्ट आणि वॉरबर्ग पिंकस यांनी वाटून घेण्याचा करार केला. या कंपनीच्या अनेक धंद्यांत पीकविमाही आहे.

हे सारे माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडच्या बांधावर कसे उतरते, ते पाहायला हवे. पीकविम्याच्या उत्पादनावर आधारित भरपाईत एका शेतकऱ्याचे शेत मोजले जात नाही, हिशेब महसूल मंडळाचा होतो. मागच्या सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. समजा, सोयाबीनची सरासरी हेक्टरी १२ क्विंटल आहे. उंबरठा झाला ८.४. कापणी प्रयोगांत मंडळाचे उत्पादन ८ क्विंटल भरले, तर भरपाई विमा रकमेच्या पाच टक्क्यांहूनही कमी. ज्याचे शेत नदीने खरवडून नेले, त्यालाही तेवढीच. सातात तीन-चार वर्षे वाईट निघाली की सरासरीच खाली येते आणि उंबरठाही. हवामान जितके बिघडेल तितके विम्याचे कवच पातळ होत जाते, आणि हे सारे नियमात बसूनच.

२०२५ च्या खरिपात तर आणखी कात्री लागली. बोगस अर्जांचे कारण देऊन एक रुपयातला विमा बंद झाला. त्याबरोबर स्थानिक नैसर्गिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीपश्चात नुकसान या तरतुदीही वगळल्या गेल्या. उरला फक्त कापणी प्रयोग. सप्टेंबरात सिंदफणा आणि गोदावरी पात्राबाहेर आल्या, कापसाची बोंडे झाडावरच सडली, तेव्हा शेतकऱ्याने नुकसान कळवायचे ते कलमच शिल्लक नव्हते. ऑक्टोबरमध्ये सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. विमा कंपनीने उचलायचा भार करदात्यांच्या तिजोरीवर आला, असाच याचा अर्थ होतो.

विम्यानंतर दुसरी खिडकी कर्जाची. पीक गेले तरी रब्बीचे बियाणे, मुलांची फी, दवाखाना थांबत नाही. बँक थकबाकीदाराला उभे करत नाही. मग मायक्रोफायनान्सचा गट, नाहीतर ऊसतोडीची उचल. गटाचे कर्ज बाईच्या नावावर असते. ठरल्या वारी एखाद्या ओसरीवर सगळ्या जमतात, हप्ता मोजला जातो, एकीचा कमी पडला तर बाकीच्यांनी घालायचा. पाऊस किती पडला, हे त्या वहीत कुठेच लिहिलेले नसते. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने या कर्जांवरची व्याजाची ठरावीक मर्यादा काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अवाजवी व्याजदरांवरून तिलाच आशीर्वाद आणि आरोहनसह चार कंपन्यांना नवी कर्जे देण्यास मनाई करावी लागली.

या क्षेत्रात फंडांचा पैसा उघड आहे. स्पंदना स्फूर्ती या मायक्रोफायनान्स कंपनीचा ताबा केदारा कॅपिटलने २०१७ मध्ये घेतला. २०१९ मध्ये शेअर बाजारात आणताना त्यातला काही हिस्सा विकला. फ्युजन या तशाच दुसऱ्या कंपनीत वॉरबर्ग पिंकस २०१८ मध्ये आले आणि २०२२ च्या आयपीओत त्यांनीही काही शेअर विकले. २०२४-२५ मध्ये दोन्ही कंपन्यांना हजार कोटींहून जास्त तोटा झाला. म्हणजे धंदा धोक्याचा आहे, हा कंपन्यांचा दावा खोटा नाही. खासगी भांडवल नसते तर या बायकांना सावकाराचेच दार उरले असते, हेही मान्य. मात्र फंडाला योग्य वेळी हिस्सा विकता येतो. गटातल्या बाईला कर्जातून तसे बाहेर पडता येत नाही, आणि तोटा वाढला की वसुलीचा तगादा तिच्याच दारात येतो.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. त्यात दिंद्रुडला लागून असलेला धारूर होता, वडवणी आणि अंबाजोगाईही होते. सवलतींची यादी ठरलेलीच: जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, पंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्क माफी आणि आणखी दोन-तीन. गटाच्या हप्त्याचा त्यात उल्लेख नाही.

भांडवलाला हाकलून लावा, असे कुणी म्हणत नाही. सरकारी तिजोरीच्या आधाराने चालणाऱ्या विम्याचा मंडळनिहाय हिशेब, म्हणजे किती हप्ता जमला, किती भरपाई दिली, कंपनीकडे किती राहिले, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलाच पाहिजे. वगळलेल्या तरतुदी परत आणल्या पाहिजेत. आणि राज्याने आपत्ती जाहीर केली की त्या मंडळातल्या मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांना आपोआप स्थगिती मिळेल आणि त्या काळाचे जादा व्याज चढणार नाही, असा आदेश रिझर्व्ह बँकेने काढावा. बीडच्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या अधिवेशनात निदान हे तीन प्रश्न तरी विचारावेत.