यंत्राचे डोळे, माणसाची जाण

ठाणे शहराच्या उत्तरेस खाडीच्या काठी कोलशेत हे गाव आहे. आज तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही एका बाजूस खाडीतील तिवरांची राई आणि दुसऱ्या बाजूस येऊरचा डोंगर, असे दोन जुने शेजारी त्याला अजून लाभले आहेत. डोंगरातील रानात बिबट्या वावरतो, तर खाडीच्या चिखलात निवटे उड्या मारतात आणि खेकडे बिळे करतात. हे सर्व जीव टिकावयाचे असतील, तर ते कोण व किती आहेत, हे माणसाला प्रथम ठाऊक असले पाहिजे.

हे काम सोपे नव्हे. २०१८ साली भारतात व्याघ्रगणना झाली, तेव्हा २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले होते. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली. त्यांत वाघांची छायाचित्रे होती केवळ ७६,६५१! एवढ्या राशीतून वाघ वेगळे काढण्याच्या कामी कृत्रिम बुद्धिमत्तेचे मोठे साहाय्य झाले. असंख्य चित्रे दाखवून संगणकाला प्राणी ओळखण्यास शिकविलेले असते. शिवाय माणसाच्या अंगठ्याच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. ते जुळवून एकच वाघ दोनदा मोजला जाणेही टाळता येते.

असे साधन नाकारणे शहाणपणाचे नाही. परंतु यापुढे यंत्रच वन्यजीवांना राखील, असे मानणे हा मात्र भ्रम होय. यंत्राला जे शिकवावे, तेच ते ओळखते. वाघाचे कौतुक सर्वांना असते. त्याची चित्रे हवी तितकी मिळतात. चिखलातील निवट्याची ओळख यंत्राला कोणी करून दिलीच नाही, तर यंत्राच्या लेखी निवटा या जगात नाहीच! आणि ज्याची कोठे नोंद नाही, त्याच्या घरावर भराव पडला तरी हळहळणार कोण? वस्तुतः तिवरांच्या मुळांच्या आश्रयाने माशांची पिले वाढतात आणि तीच मुळे किनाऱ्याची माती धरून ठेवतात.

म्हणून खाडीवर आयुष्य घालविलेल्या कोळी बांधवांचे ज्ञान जपले पाहिजे. कोणत्या भरतीला कोणता मासा येतो, कोणता पक्षी कोणत्या ऋतूत उतरतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. यंत्राचे खरे गुरू तेच होत.

मचाणावरील राखणदार रात्री हाळी देतो. पण ती ऐकून धावणारे कोणी नसेल, तर पीक वाचत नाही. यंत्रही असाच राखणदार आहे. हाळी देणे त्याचे काम. धावून जाणे हे माणसाचे कर्तव्य आहे.