कवटीतला दाब आणि ताशी तक्ता

डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाच्या कवटीत दाबमापक बसवला, की खाटेशेजारचा मॉनिटर सेकंदाला शंभराहून अधिक वेळा दाब टिपत राहतो. रुग्ण घरी गेल्यावर त्यातले मागे काय उरते? पुष्कळदा परिचारिकेने तासातासाला तक्त्यात लिहिलेला आकडा, एवढेच. मधल्या लाटा मॉनिटरमधून पुसल्या जातात. ‘उपचाराला एवढे पुरते’ हे या रिवाजाचे समर्थन तपासून पाहिले पाहिजे.

स्वीडनमधील लुंड येथील निल्स लुंडबर्ग यांनी मेंदूच्या पोकळीतील दाबाचा सलग आलेख काढून तो अभ्यास १९६० साली प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते असे : दाब एकाएकी ५० मिमी पाऱ्याच्या वर चढतो, पाच ते वीस मिनिटे तिथेच राहतो आणि पुन्हा उतरतो. आता समजा, रात्री नऊला १४ आणि दहाला १५ अशी नोंद झाली आणि मधल्या वेळेत अशी एक लाट येऊन गेली. तक्ता पाहून सकाळचे डॉक्टर म्हणणार, रात्र बरी गेली. यात परिचारिकेची काहीच चूक नाही. मिनिटांत घडणारी गोष्ट तासाच्या मापाने मोजायला तिला सांगितले गेले.

लाटा साठवण्याविरुद्धचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बोलिव्हिया आणि इक्वेडोर येथील ३२४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. दाब मोजून तो २० मिमीच्या आत ठेवणारे उपचार हे केवळ तपासणी आणि स्कॅन यांवर चालणाऱ्या उपचारांपेक्षा सरस ठरले नाहीत. मग एवढी माहिती साठवायची कशाला? पण त्या चाचणीने पारखली ती एका ठरावीक आकड्याला बांधलेली उपचारपद्धती. दाबाची माहिती निरुपयोगी असल्याचे तिने सिद्ध केलेले नाही. २०१५ मध्ये युरोपातील संशोधकांनी २६१ प्रौढ आणि ९९ मुलांच्या दर मिनिटाच्या नोंदी अभ्यासल्या. दाब किती चढला याइतकेच तो किती वेळ चढलेला राहिला यालाही महत्त्व आहे, असे त्यांना आढळले. २० मिमीच्या वरचा दाब प्रौढांमध्ये ३७ मिनिटांहून आणि मुलांमध्ये अवघ्या ८ मिनिटांहून अधिक टिकला, तर त्याचा संबंध वाईट परिणामांशी दिसत होता. ताशी तक्त्यांतून हा प्रश्न विचारताही आला नसता.

जागेची आणि खर्चाची सबब तर आकडेमोडीतच गळून पडते. सेकंदाला २५० नोंदी धरल्या, तर एका सलग आलेखाच्या दिवसाला २ कोटी १६ लाख नोंदी होतात. प्रत्येकीला दोन बाइट दिले तरी सुमारे ४३ एमबी. असे चार आलेख मोबाइलवरच्या एका छोट्या व्हिडिओएवढ्या जागेत मावतात.

मात्र नुसत्या लाटा साठवून भागत नाही. त्यांच्यासोबत संदर्भही जपावा लागतो. मेंदूतले पाणी काढणारी नळी उघडी असताना मॉनिटरवर दिसणारा दाब विश्वासार्ह नसतो. म्हणून ती कधी उघडली, कधी बंद केली, ही नोंद हवी. खाटेची डोक्याकडची बाजू ३० अंश उचललेली असताना रक्तदाबाचा सेन्सर छातीच्या पातळीला आहे की कानाच्या, यावर मेंदूच्या रक्तपुरवठ्याच्या हिशेबात साधारण १० मिमीचा फरक पडू शकतो. तेही लिहिलेले हवे. मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि ईईजी यंत्र यांची घड्याळे एका वेळेवर आणायला हवीत. नाही तर दाब आधी चढला की झटका आधी आला, हे कोणालाच सांगता येणार नाही.

राहिली गोपनीयता. ती चिंता रास्त आहे आणि भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तिची दखलही घेतली आहे. तिचा मार्ग माहिती पुसून टाकणे हा नव्हे. नाव-पत्ता लाटांपासून वेगळा ठेवावा, दोन्ही जोडणारी किल्ली रुग्णालयाकडेच राहावी आणि माहिती कोणी, कधी उघडली याची नोंद व्हावी.

अतिदक्षता विभागासाठी मॉनिटर विकत घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने निविदेतच अट घालावी : मूळ लाटा अचूक वेळेसह, कोणत्याही संगणकावर वाचता येतील अशा खुल्या स्वरूपात बाहेर काढता आल्या पाहिजेत. ही अट न मानणारे यंत्र घेऊ नये.