खेड्यात नोकरी करणाऱ्या बाईनं मोटरसायकलच घ्यावी

गावोगावी फिरतीची नोकरी करणाऱ्या बाईनं गाडी घ्यायची म्हटलं की घरचे, शेजारचे, शोरूमवाले सगळे एकच सांगतात, स्कूटी घ्या. मी आरोग्यसेविका आहे. जिंतूर तालुक्यात माझं उपकेंद्र आहे आणि त्याखालच्या गावांना जाणारा निम्मा रस्ता पांदणीचा. माझं मत या सगळ्यांच्या उलट आहे. आमच्यासारख्या बायकांनी मोटरसायकल घ्यावी, शंभर सीसीची, अगदी साधी, नवी आणि स्वतःच्या नावावर.

स्कूटर वाईट नाही. परभणी शहरात ती उत्तम. पण तिची चाकं दहा-बारा इंचांची असतात. शंभर सीसीच्या मोटरसायकलची सतरा-अठरा इंचांची. डांबरी रस्त्यावर हा फरक जाणवत नाही, खड्ड्यात जाणवतो. लहान चाक खड्ड्यात उतरतं, मोठं चाक बरेचदा वरून निघून जातं. त्यात आमची काळी माती. जुलैमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की ती टायर आणि मडगार्डच्या मधे अशी गच्च बसते की चाक फिरत नाही. मोटरसायकलच्या चाकाशी काडी घालून माती काढायला जागा असते आणि दहा मिनिटांत पुढं निघता येतं. चेन सैल झाली तर पाना लावून कुणीही शेतकरी आवळून देतो. स्कूटरचा पट्टा तुटला तर ती टेम्पोत घालून तालुक्यालाच न्यावी लागते.

माझ्या मागच्या सीटवर लसीचा डबा बांधलेला असतो. त्यात बर्फाचे चार पॅक आणि लस, जी दोन ते आठ अंशांतच राहायला हवी. सत्राच्या दिवशी अंगणवाडीत आया लेकरं घेऊन बसलेल्या असतात, त्यांना दुपारी शेतात जायचं असतं. एसटी सकाळी एकदा येते. काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही. अशा ठिकाणी गाडी ही कामाचं साधन असते, डब्याइतकंच गरजेचं. लांब सपाट सीट आणि मागं लोखंडी कॅरिअर ही सोय साध्या मोटरसायकलवरच नीट होते.

वजनाची भीती सगळ्या बायका बोलून दाखवतात. होंडाची शाईन १०० ही २०२३ मध्ये आलेली गाडी ९९ किलोची आहे. आपल्याकडची सर्वांत ओळखीची स्कूटर तिच्याहून जड आहे. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांच्या सीटची उंची ७८० ते ८०० मिलीमीटरच्या आसपास असते. साधारण उंचीच्या बाईचे पाय जमिनीला टेकतात. साडी नेसून मोटरसायकल चालवणं अवघड आहे, हे खरं. मी सलवार-कमीज घालून निघते.

बाईची जागा मागच्या सीटवर, हे इतकं पक्कं धरलेलं आहे की नियमांतही ते दिसतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो की मोटरसायकलला मागच्या माणसासाठी पकडायची दांडी, पाय ठेवायची जागा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्म्या चाकाला झाकणारं आवरण हवं. ते आवरण म्हणजे आपला साडी गार्ड. नियम चांगला आहे, त्यानं कितीतरी जीव वाचले असतील. पण पुढं बसणाऱ्या बाईचा विचार तिथंही नाही आणि शोरूममध्येही नाही. मी गाडी बघायला गेले तेव्हा विक्रेता सगळं माझ्या भावाला सांगत होता. मायलेज भावाला, हप्ता भावाला. पगार माझा, सही माझी. भाऊच शेवटी म्हणाला, "ताईला सांगा, गाडी तिची आहे."

लहान गाडीत एक मोठा गुण असा की तिला दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक गावात आहे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. तिच्यातलं ९७.२ सीसीचं आडवं इंजिन १९९४ च्या स्प्लेंडरनं घराघरांत नेलं, आणि आपल्याकडच्या मेकॅनिकांच्या दोन पिढ्या त्यावर शिकल्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला, सेन्सर आले, त्यामुळं पूर्वीइतकी साधी ती राहिलेली नाही. तरी क्लच, ब्रेक, चेन, ऑइल ही कामं आजही गावातच होतात. म्हणून मी म्हणते, डिजिटल मीटर, ब्लूटूथ यांच्या मागं लागू नका. १२५ सीसीचा आग्रह धरतील, तोही सोडा. पेट्रोलला परवडते ती शंभर सीसीच.

पैशांच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा. हप्त्याचा व्याजदर 'फ्लॅट' आहे का, हे आधी विचारा. साठ हजारांचं कर्ज, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट, म्हणजे व्याज झालं अठरा हजार आणि हप्ता २,१६७ रुपये. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, व्याज मात्र पूर्ण साठ हजारांवरच चालू राहतं, म्हणून खरा दर जवळपास १८ टक्के पडतो. शेतकरी कुटुंबातल्या, हिशेबाला पक्क्या बायकाही इथं फसतात, कारण कागदावर दहाचा आकडा दिसतो. गावातली पतसंस्था किंवा जिल्हा बँक काय दरानं देते ते बघून मगच सही करा.

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला त्याचे ३,८५१ रुपये ठरलेले आहेत, वर कर. पण विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. आयएसआय हेल्मेट उत्पादकानं गाडीसोबत द्यायचं, असंही नियमात आहे. बिलात साडी गार्डचे, हेल्मेटचे, 'हँडलिंग'चे वेगळे पैसे लावलेले दिसले तर प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, हे कशाचे?

लायसन्सचंही सांगते. बऱ्याच मुली 'विना गिअर'चं काढतात आणि मग आयुष्यभर स्कूटीशी बांधल्या जातात. गिअरचं काढा, त्यावर दोन्ही चालवता येतात. तालुक्याला आरटीओचा कॅम्प होतो, तिथं जमतं.

आता सरकारकडे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्याच्यावर राज्याचा एकरकमी कर आहेच. ९९ सीसीपर्यंत दहा टक्के, त्याच्या वर २९९ सीसीपर्यंत अकरा. म्हणजे लस घेऊन पांदणीनं जाणाऱ्या गाडीत आणि तिच्या दुप्पट ताकदीच्या हौसेच्या गाडीत राज्याला फरक दिसतो तो एका टक्क्याचा. तोच कर गावातल्या आशाताईलाही भरावा लागतो, आणि तिला पगार नाही, मोबदला मिळतो. वाहनासाठी अग्रिम कायम कर्मचाऱ्याला मागता येतो, तिला नाही. बाळंतपणाला रात्री दोन वाजता तिनं बाईला दवाखान्यात न्यावं, ही अपेक्षा मात्र सगळ्यांची.

राज्य सरकारनं येत्या अर्थसंकल्पात ११० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा एकरकमी कर निम्मा करावा. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि कंत्राटी आरोग्यसेविका यांच्या स्वतःच्या नावावरच्या पहिल्या गाडीला तो पूर्ण माफ करावा.