समजून घ्या : मानसिक आजार किंवा नशेच्या भरात कुणी हिंसक झाले, तर पोलिसांनी काय करायचे? बारामती-इंदापूरमध्ये प्रश्न का महत्त्वाचा?

समजा, रात्रीचे दीड वाजले आहेत. इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवरून ११२ क्रमांकावर फोन येतो. ‘भाऊ कोयता घेऊन अंगणात उभा आहे. तीन रात्री झोपला नाही. कुणाला जवळ येऊ देत नाही, कुणीतरी मारायला येतेय म्हणतो.’ गाडीतून दोन अंमलदार पोहोचतात. समोरचा माणूस दारू प्यायला आहे, आजारी आहे की दोन्ही, हे त्यांना ठाऊक नाही. आजूबाजूला वीस जण मोबाइल काढून उभे आहेत.

प्रसंग काल्पनिक आहे, पण असे फोन ग्रामीण पोलीस ठाण्यांना नवे नाहीत. अशा वेळी पहिल्या दहा मिनिटांत पोलीस काय करतात, यावर बरेच काही ठरते. कायद्याने ही जबाबदारी पोलिसांवर स्पष्टपणे टाकलेली आहे.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम १०० पोलिसांची कर्तव्ये सांगते. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती हद्दीत भटकताना आढळली किंवा आजारामुळे तिच्यापासून स्वतःला वा इतरांना धोका आहे असे वाटले, तर तिला ‘संरक्षणात’ घेणे हे ठाणे प्रभारींचे कर्तव्य आहे. ही अटक नव्हे.

पुढचे तीन मुद्दे महत्त्वाचे :

- व्यक्तीला का नेले जात आहे, हे तिला किंवा तिच्या प्रतिनिधीला सांगायचे.
- लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचे.
- पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात अजिबात ठेवायचे नाही.

व्यक्ती बेघर किंवा भटकणारी असेल, तर हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणे हेही ठाण्याचेच काम. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण आणि इंदापूरवरून जातो. आषाढीला संत तुकाराम महाराजांची पालखीही याच दोन तालुक्यांतून पुढे जाते. घरापासून शेकडो किलोमीटर दूर आलेली, नाव-गाव सांगू न शकणारी माणसे अशाच रस्त्यांवर सापडतात.

दारू किंवा अमली पदार्थांच्या नशेत असेल तर?

इथे गोंधळ सर्वाधिक होतो. सार्वजनिक ठिकाणी नशेत धिंगाणा घातल्यास महाराष्ट्र दारूबंदी कायद्याचे कलम ८५ लागू शकते. पण दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था २०१७ च्या कायद्यातील ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येतही आहेत. म्हणजे एकच माणूस दोन्ही कायद्यांच्या कक्षेत येऊ शकतो. आधी कोणता कायदा उघडायचा, हे घटनास्थळी पोहोचलेल्या अंमलदाराच्या नजरेवर ठरते.

ती नजर चुकली तर जीव जाऊ शकतो. डोक्याला मार लागलेला किंवा साखर एकदम कमी झालेला मधुमेही दारुड्यासारखाच झोकांड्या खातो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, की दोन-तीन दिवसांत थरथर, भास, झटके सुरू होऊ शकतात. असा माणूस त्या वेळी कोठडीत असेल, तर ‘नाटक करतोय’ असे समजले जाण्याची भीती असते. प्रत्यक्षात ही वैद्यकीय आणीबाणी असते.

प्रश्न फक्त दारूचाही राहिलेला नाही. शेजारच्या दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कारखान्यावर छापा टाकून शेकडो किलो मेफेड्रोन म्हणजेच एमडी जप्त केले होते.

आत्महत्येचा प्रयत्न केलेल्यावर गुन्हा दाखल होतो का?

२०१७ च्या कायद्याचे कलम ११५ सांगते, की अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे आणि तिला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेलेच नाही. सरकारी अधिकाऱ्याला कर्तव्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ नुसार गुन्हा आहे.

बारामती-इंदापूरमध्ये अडचण कुठे येते?

‘मनोरुग्ण’ म्हटले, की आपल्याकडे पहिले नाव येते येरवड्याचे. राज्यातील ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी या जुन्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर, इंदापूरहून १३५ च्या आसपास. एका व्यक्तीला नेऊन परत यायचे, तर गाडी आणि दोन कर्मचारी जवळपास पूर्ण पाळीसाठी हद्दीबाहेर जातात. मग नातेवाइकांना ‘तुम्हीच घेऊन जा’ असे सांगितले जाण्याची शक्यता वाढते.

पण कायदा येरवड्याला न्या, असे म्हणत नाही. तो जवळचे सरकारी रुग्णालय म्हणतो. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कलम ९४ नुसार जीवाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. प्रतिनिधी उपलब्ध असेल, तर त्याची संमती घ्यावी लागते. डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञच असला पाहिजे, अशी अट नाही.

म्हणजे कागदावर वाट जवळची आहे. ती रात्रपाळीच्या अंमलदाराला आणि त्याच वेळी ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरला, दोघांनाही माहीत असायला हवी.

पोलिसांना प्रशिक्षण देणे बंधनकारक आहे का?

होय. कलम ३० नुसार पोलिसांसह सरकारी अधिकाऱ्यांना या विषयावर ठरावीक काळाने प्रशिक्षण द्यायचे आहे. कलम ३१ सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांना तातडीच्या मानसिक उपचारांचे प्रशिक्षण देण्यास सांगते. मात्र एका दिवसाचे व्याख्यान, सत्कार आणि समूहछायाचित्र एवढ्यावर हे भागणारे नाही.

प्रशिक्षणात काय असावे?

- सायरन बंद, गर्दी मागे, मोबाइल खाली.
- एकानेच बोलायचे. हळू, छोट्या वाक्यांत, नाव घेऊन.
- भास होत असतील तर वाद घालायचा नाही, होकारही द्यायचा नाही. ‘तुला भीती वाटतेय, हे दिसतेय’ एवढे पुरे.
- तातडीचा धोका नसेल, तर अंतर ठेवून वेळ द्यायचा. घाईत झडप घातली की दोन्हीकडे जखमा होतात.
- आवरावेच लागले, तर पालथे दाबून ठेवायचे नाही. श्वास कोंडू शकतो.
- वास दारूचा आला तरी डोक्याची जखम, ताप, मधुमेह, झटके यांची चौकशी करायची.

अशा प्रशिक्षणाने फरक पडतो का?

अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९८७ मध्ये चाकू हातात असलेला, मानसिक आजार असलेला तरुण पोलिसांच्या गोळीबारात मरण पावला. त्यानंतर १९८८ मध्ये तिथे निवडक पोलिसांसाठी ४० तासांचे विशेष प्रशिक्षण सुरू झाले आणि पुढे ते अनेक शहरांनी उचलले. पोलिसांची समज आणि दृष्टिकोन त्यामुळे सुधारतात, असे अभ्यासांत दिसते. बळाचा वापर किंवा जखमा कमी होतात का, याचे पुरावे मात्र तितके ठाम नाहीत.

मेम्फिसमध्ये प्रशिक्षणाइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची होती. पोलिसांनी आणलेल्या व्यक्तीला लगेच दाखल करून घेणारे एक ठरलेले रुग्णालय तिथे होते. पोलीस कितीही समजूतदार झाला, तरी दवाखान्याच्या दारातून परत पाठवले गेले तर तो पुन्हा कोठडीकडेच वळेल.

इथे काय करता येईल?

त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. प्रत्येक ठाण्यात प्रत्येक पाळीला प्रशिक्षित किमान एक अंमलदार असावा. गावात आधी पोहोचणारे पोलीस पाटीलही प्रशिक्षणात असावेत. पोलीस आणि सरकारी डॉक्टर यांचे प्रशिक्षण एकत्र व्हावे. आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलावर एक पान लावलेले असावे : कोणत्या रुग्णालयात न्यायचे, रात्री कुणाला फोन करायचा, कोणती नोंद करायची.

घरच्यांनी काय करावे?

तातडीचा धोका असेल तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर आजार, चालू औषधे, नशा आणि हातात शस्त्र आहे का, हे आधीच सांगा. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे क्रमांक मोफत आहेत. पोलीस कोठडीत ठेवण्याची भाषा करू लागले, तर कलम १०० ची आठवण शांतपणे करून द्या आणि रुग्णालयात नेण्याची मागणी करा.