डिस्क जिंकली, ग्राहकाचे काय?

सोनीने २००६मध्ये ‘प्लेस्टेशन-३’ या गेम कन्सोलमध्येच ब्लू-रे ड्राइव्ह बसवला, तेव्हा चढ्या किमतीवर टीका झाली. परंतु त्यामुळे एका थरात २५ गिगाबाइट माहिती साठवणारी ही डिस्क गेमसोबत घरोघरी पोहोचली. मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स-३६०’साठी एचडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह वेगळा विकला, गेम साध्या डीव्हीडीवरच राहिले. जानेवारी २००८मध्ये वॉर्नर ब्रदर्स ब्लू-रेच्या बाजूने गेली आणि पुढच्याच महिन्यात तोशिबाने एचडी-डीव्हीडी गुंडाळली.

२०२४च्या ‘प्लेस्टेशन-५ प्रो’मध्ये मात्र डिस्क ड्राइव्हच नाही; तो स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो. डिस्क मित्राला देता येते, खेळून झाल्यावर विकता येते. डाउनलोड केलेल्या गेमचा केवळ वापरपरवाना मिळतो. ड्राइव्हसोबत ग्राहकाचा हा हक्कही हद्दपार होण्याची चिन्हे आहेत.