सुटकेनंतरचें दान

घाटकोपर येथील आमच्या परिचयाच्या एका घरीं वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त दान कोणास द्यावें, ह्याची चर्चा चालली होती. सोडवून आणलेल्या मुलींच्या वसतिगृहास वस्त्रें द्यावींत, असें ठरलें. विचार उत्तमच, परंतु त्यांत थोडी भर घालावी, असें आम्हांस वाटतें.

फसवून विकलेली मुलगी सुटली, म्हणजे न्याय झाला असें नव्हे. १९९६ सालीं मुंबईंत शेंकडों मुली एकदम सोडविण्यांत आल्या. त्यांना ठेवावें कोठें, हाच प्रश्न पडला. पुष्कळदां खटला उभा राहतो तों साक्ष देणारी मुलगी दूर आपल्या गांवीं गेलेली असते आणि दलाल सुटतो. हें कोठें बिघडतें तें शोधणें, हेंही पुण्यकर्मच होय.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २००२ ते २००४ ह्या काळांत असा शोध करविला. त्यास संयुक्त राष्ट्रांच्या महिला निधीचें साह्य होतें. पी. एम. नायर ह्या पोलीस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखालीं चार हजारांहून अधिक जणांच्या मुलाखती घेतल्या गेल्या, आणि कायद्याच्या जाळ्यांत दलालापेक्षां पिडलेली बाईच अधिक सांपडते, हें उघडकीस आलें.

अशा कामासाठीं परक्यांच्याच तोंडाकडे कां पाहावें? घाटकोपरापासून जवळच, देवनारास, टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ सालीं ती दानांतूनच निघाली. वस्त्रांबरोबर एखाद्या अभ्यासकाची शिष्यवृत्तीही आपल्या घरांनीं चालवावी. वस्त्र एकीस पुरेल. शोध पुढच्या कित्येकींच्या उपयोगीं पडेल.